एकेचाळीस गोल आणि एक काडी

मामांना कॉलेजात शिपाई म्हणून लागून एकतीस वर्षं झाली होती आणि त्यातली पहिली चार त्यांनी नुसत्या काचा धुण्यात घालवली. काचा म्हणजे स्लाइड. दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून अगदी शेवटची खोली त्यांची. दवाखान्यांच्या लॅबसाठी तंत्रज्ञ तयार करणारं कॉलेज ते, त्यामुळे रोज कुणीतरी काहीतरी रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून, खरकटी ताटं टाकावीत तशा स्लाइड सिंकमध्ये टाकून जायचं. मामा धुवायचे. पाचव्या वर्षी एकदा त्यांच्या मनात आलं, की आपण नक्की काय धुतो ते माणसाला कळायला नको का? मास्तरमंडळी चहाला गेली असताना त्यांनी एक स्लाइड न धुता भिंगाखाली सरकवली आणि डोळा लावला. त्या दिवशी चहा पिऊन मास्तर परत आले तरी मामा तिथंच उभे होते.

जिवाणूंचं एक बरं असतं. दिसतात मोठ्या मुश्किलीने, पण एकदा दिसले की त्यांच्या आकारांची यादी काही लांबलचक नाही. गोल असतो तो कॉकस. काडीसारखा असतो तो बॅसिलस. उरलेले वळणाचे, म्हणजे कुणी स्वल्पविरामाएवढा वाकडा, तर कुणी स्क्रूसारखा पिळाचा. मग गोलांमध्ये पाहायचं, ते जोडीने आहेत, साखळी करून आहेत, की द्राक्षांसारखा घोस करून. मामांनी हे सगळं त्या आठवड्यात बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच? आणि एवढ्यासाठी एवढी मोठी इमारत बांधलीय?" तरी मामांनी शिकणं थांबवलं नाही. दहा वर्षांत त्यांचा हात आणि डोळा असा तयार झाला की नवे शिक्षक स्लाइडवर अडले की हळूच त्यांना हाक मारायचे. मामा यायचे, एक डोळा लावायचे, "काडी, जांभळी" म्हणायचे आणि जायचे. दुसऱ्यांदा बघायची त्यांना कधी गरजच पडत नसे. याचा त्यांना गर्व होता का? होता. चांगला बादलीभर होता.

आता त्यांचं पाप सांगायला हवं.

वर्षअखेरीस तोंडी परीक्षेच्या आधी एक प्रकार असायचा. ओळीने सहा सूक्ष्मदर्शक मांडलेले, प्रत्येकाखाली एक स्लाइड. विद्यार्थ्याने एकेका यंत्रासमोर एक मिनिट उभं राहायचं, बघायचं, कागदावर रंग आणि आकार लिहायचा, घंटी वाजली की पुढे सरकायचं. स्लाइड हलवायची नाही, फक्त बारीक फिरकी फिरवून चित्र स्पष्ट करायचं. घंटी मामांच्या हातात. ते समोर भिंतीला टेकून स्टुलावर बसायचे, डोक्यावर घड्याळ. फार वर्षांपूर्वी एका मुलीच्या मिनिटातच यंत्राचा दिवा गेला. ती बावरून त्या काळ्या गोलाकडे बघत राहिली, घंटी वाजली, पुढचा विद्यार्थी आला आणि तिला शून्य मिळालं. ती बाहेर येऊन मामांच्याच सिंकपाशी रडली. मामांना तो अन्याय पचला नाही. दिवा बदलायचं काम त्यांचं होतं, हेही त्यांना बोचत होतं.

पुढच्या वर्षापासून मामांचे हात बोलायला लागले. गालावर एक बोट टेकलं की काडी. पाचही बोटांची टोकं जुळवली की द्राक्षाचा घोस. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली की साखळी. तर्जनी वाकवून हनुवटीखाली धरली की स्वल्पविराम. कानात करंगळी फिरवली की पिळाचा. आणि गुडघ्यांवर दोन मुठी शेजारी शेजारी ठेवल्या की गोल, जोडीने. जो मान वर करेल, त्याच्या यंत्रापुरती खूण. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला वाटायचं, हा म्हातारा शिपाई फार चुळबुळ्या दिसतोय. मामांनी ही भाषा कधी कुणाला शिकवली नाही. एका तुकडीने दुसरीला सांगितली. "अडलं तर मामांकडे बघा" एवढंच जाता जाता सांगायचं, की झालं. हे बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. मामाही म्हणत नसत. ते स्वतःला एवढंच सांगायचे, की एका मिनिटावरून कुणाचं वर्ष जाऊ नये.

यंदा त्या रांगेत त्यांची सून होती.

मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. सून लग्न करून आली ती शिक्षण अर्धवट टाकून, मग दोन मुलं, मग मुलांच्या शाळा. चौतीस वर्षांची झाली तेव्हा मामांनीच एक दिवस कॉलेजचा फॉर्म आणून जेवायच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "भर." ती म्हणाली, "बाबा, या वयात?" मामा म्हणाले, "जिवाणूंना तुझं वय दिसत नाही." दोन वर्षं तिने घर, मुलं आणि अभ्यास अशी तारेवरची कसरत केली. मामा भाजी निवडता निवडता तिचा अभ्यास घ्यायचे. ओट्यावर मटार ओळीने लावले की साखळी, ढीग केला की घोस, फरसबी म्हणजे काडी. सासूबाई ओरडायच्या, "आधी मला ती शिजवू द्या, मग तिचं नाव विचारा."

गेल्या वर्षी ऐन परीक्षेच्या दिवशी धाकट्याला ताप चढला आणि ती गेलीच नाही. गैरहजर म्हणजे नापास. तिशी ओलांडलेल्यांना दोनच संधी मिळतात, असा कॉलेजचा नियम होता. म्हणजे ही शेवटची. यात घसरली तर दोन वर्षं पाण्यात, आणि फॉर्म आणून ठेवणारा माणूस जन्मभर स्वतःला बोल लावत बसणार. मामांचं जेवण आठवडाभर आधीपासूनच कमी झालं होतं. हातांची भाषा त्यांनी सुनेला मात्र सांगितली नव्हती. सासऱ्याने सुनेला कॉपी कशी करायची ते शिकवायचं म्हणजे काय! पण वर्गातल्या पोरींनी सांगितलंच असेल, असा त्यांचा होरा होता.

परीक्षेच्या आदल्या दुपारी बाहेरगावचे परीक्षक आले. उंच, बारीक, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्यांनी बॅगेतून एक छोटी नळी काढून मामांच्या हातात दिली. "यातून एक स्लाइड करा. चौथ्या यंत्राखाली लावायची. काय आहे ते विचारू नका."

मामा कशाला विचारतील? त्यांनी काचेवर पातळ थर पसरला, ज्योतीवरून फिरवून पक्का केला, जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, शेवटी गुलाबी रंग, प्रत्येक पायरीला पाणी, सगळं कसं हातचा मळ असल्यासारखं. तेलाचा थेंब टाकून डोळा लावला. गुलाबी, गोल, जोडीजोडीने. पुस्तकात असतं तसं. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे जिवाणू थेट असेच दिसतात. मामांनी थोडं इकडेतिकडे सरकवून अशी जागा शोधली, जिथं जोड्या अगदी ठसठशीत होत्या आणि मधे घाण नव्हती. परीक्षकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वा, जागा छान निवडलीत." मामा संध्याकाळी घरी जाऊन हे वाक्य बायकोला दोनदा सांगून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी बेचाळीस विद्यार्थी. पहिली तुकडी आत आली, घंटी वाजली, आणि मामांचे हात कामाला लागले. चौथ्या यंत्रापाशी जो येईल तो क्षणभर बघायचा, मग नजर सहज वर, मामांच्या गुडघ्यांवरच्या दोन मुठी, मग मान खाली आणि पेन कागदावर. मामांना वाटलं, कठीण स्लाइड दिलीय साहेबांनी, पण पोरं निभावून नेतायत.

सून शेवटच्या तुकडीत होती. पहिल्या तीन यंत्रांवर तिने मान वर केलीच नाही. लिहिलं आणि पुढे. चौथ्यावर ती थांबली. फिरकी फिरवली. परत फिरवली. पंधरा सेकंद गेले, वीस गेले. मामांच्या मुठी गुडघ्यांवर आवळून आवळून पांढऱ्या पडल्या. त्यांनी खोकून पाहिलं. काही नाही. मग ते असे खोकले की परीक्षकांनी पाण्याची बाटली पुढे केली. सुनेने मान वर केली ती घड्याळाकडे बघायला, आणि पुन्हा खाली घातली. एवढी कशी ही साधी बाई! सगळं जग बघतंय आणि हिला नेमकं आजच सरळ वागायचंय! शेवटी तिचं पेन दोन-तीनदा कागदावर टेकलं, आणि घंटी वाजवायला मामांना तीन सेकंद उशीर झाला. तो मुद्दाम केलेला होता, हे मी कुणाला सांगणार नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला मामांना मॅडमच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. मॅडम म्हणजे विभागप्रमुख. त्या याच कॉलेजात शिकल्या आणि इथंच शिकवायला लागल्या. समोर परीक्षक, मधे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, आणि त्याच्या बाजूला एकच कागद वेगळा ठेवलेला. तो सुनेचा आहे हे मामांना दारातूनच कळलं. तिचं अक्षर त्यांनी वाणसामानाच्या यादीवर रोज पाहिलेलं होतं.

"ही तुमची सून ना?" परीक्षकांनी विचारलं.

"हो साहेब. चुकलं का काही?"

"चौथ्या यंत्रावर बेचाळिसांपैकी एकेचाळीस जणांनी गोल, जोडीने असं लिहिलंय. हिने आधी काहीतरी लिहून वाचता येणार नाही असं गिरवून खोडलंय, आणि मग एकटीने लिहिलंय, काडी, फार आखूड."

काडी! घरात किलोकिलो मटार फुकट गेला. "साहेब, तिला जरा घाई झाली असेल. गेल्या वर्षीही पोराच्या तापामुळे—"

"काडीच आहे ती," परीक्षक म्हणाले.

"काडी? कशी काडी? गोल आहेत ते. मी स्वतः पाहिलंय."

"काडीच आहे. पण इतकी आखूड, आणि टोकाला टोक लावून अशी बसते की गोलांची जोडीच वाटते. भलेभले फसतात. आणि फसले की पेशंटला भलतंच औषध सुरू होतं. म्हणून मी ही स्लाइड सगळीकडे लावतो. सगळीकडे निम्मे फसतात, निम्मे नाही. इथं मात्र एक सोडून सगळे फसले, आणि जी फसली नाही ती ज्याने स्लाइड केली त्याच्या घरची." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी तिला मघाशी बोलावून विचारलं, कशावरून काडी म्हणतेस. ती म्हणाली, डाव्या कडेला एक लांब होती. गोल जिवाणू लांबट होत नाही, पण काडी आखूड होऊ शकते, म्हणून एक जरी खरी काडी दिसली तरी सगळ्याच काड्या धरायच्या. अगदी शिकवल्यासारखं उत्तर. मामा, तुम्ही तिला आदल्या दिवशी सांगितलंत. तिची परीक्षा रद्द करावी लागेल."

मामांना प्रथम वाटलं ते एवढंच, की हिने कडेची ती काडी पाहिली आणि आपण पाहिली नाही. सुंदर जोड्या शोधायच्या नादात आपण चित्राच्या कडेकडे बघितलंच नाही. मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली, की हिला सांगितलं नाही हे सिद्ध करायला एकच मार्ग आहे, आणि त्यात आपली एकतीस वर्षं जाणार. नुसतं गप्प बसणं सोपं होतं. तुम्ही-आम्ही कदाचित बसलोही असतो. मामा भित्रे होते, पण दोन वर्षं तिला ओट्यापाशी उभं राहून अभ्यास करताना त्यांनी पाहिलं होतं.

"साहेब," ते म्हणाले, "मी तिला काडी सांगणं शक्यच नाही. मला ते गोल वाटत होते. आणि मी ते सगळ्यांना सांगितलं."

"सगळ्यांना? कसं?"

मामांनी खुर्ची ओढली, बसले, आणि दोन्ही हातांच्या मुठी करून गुडघ्यांवर शेजारी शेजारी ठेवल्या. मग काही न बोलता गालावर बोट टेकलं. बोटांची टोकं जुळवली. बोटं गुंफली. तर्जनी वाकवून हनुवटीखाली धरली. शेवटी कानात करंगळी फिरवली. परीक्षकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग आला, मग नुसतं आश्चर्य. "किती वर्षं?"

"बरीच, साहेब."

"ही गोष्ट मनाने रचताय तुम्ही. सुनेला वाचवायला. याला पुरावा काय? विद्यार्थी तर कबूल करणार नाहीत."

खरंच, कोण कबूल करणार?

इतका वेळ मॅडम टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या. आता त्यांनी मान वर केली. चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "मी करते कबूल," त्या म्हणाल्या. "मी इथं शिकत होते तेव्हा तिसऱ्या यंत्रावर पिळाचा जिवाणू होता. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, काही दिसत नव्हतं. मामा कान खाजवत होते." "मला पैकीच्या पैकी मिळाले होते."

परीक्षकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना हसावं की रागवावं हे ठरत नसावं. शेवटी त्यांनी रागवायचं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. एकेचाळीस जणांची परीक्षा पुढच्या आठवड्यात पुन्हा. मामांनी घडलेलं सगळं लेखी द्यायचं आणि यापुढे परीक्षेच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. निवृत्तीला पाच महिने राहिले होते म्हणून एवढ्यावर भागलं. मॅडमनी आपलंही लेखी द्यायचं कबूल केलं. सुनेचा कागद परीक्षकांनी उचलून गठ्ठ्यात सर्वात वर ठेवला आणि त्यावर सही केली. निघताना मामांना म्हणाले, "तुमचा डोळा चांगला आहे, मामा. पण तुम्ही दुसऱ्यांदा बघत नाही."

मामा बाहेर आले तेव्हा बातमी जिन्याने त्यांच्या आधी खाली पोचली होती. पोरं तोंडं पाडून उभी होती. एक जण म्हणालाच, "काय मामा, तुम्ही पण!" मामा त्याच्यावर खेकसले, "अरे, मी नापास झालो तर झालो. तुम्हाला डोळे दिलेत ते काय चष्मा अडकवायला?" आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण एवढी वर्षं त्यांनीच पोरांना वर बघायची सवय लावली होती.

सून फाटकापाशी थांबली होती. दोघं बस-थांब्याकडे चालू लागले. ती पास झाली होती, आणि तिने सासऱ्यांची पिशवी आपल्या हातात घेतली होती. मामांच्या मनात जे सकाळपासून खुपत होतं तेच बाहेर आलं.

"मी एवढा खोकलो, घसा फाटेस्तोवर. तू एकदा माझ्याकडे बघायचं नाहीस?"

"बघितलं की, बाबा."

"घड्याळाकडे बघितलंस तू."

"घड्याळ तुमच्या डोक्यावरच आहे. मुठी दिसल्या मला."

मामा फुटपाथवरच उभे राहिले. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी मारून त्यांना बाजूला केलं. "दिसल्या? मग गोल का नाही लिहिलंस?"

"लिहिलं होतं. गोल, जोडीने, असं पूर्ण लिहून झालं होतं." "मग वाटलं, अजून थोडा वेळ आहे. परत खाली बघितलं, तर ती लांब काडी तिथंच होती. मग खोडलं."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता तुझा."

"होता ना, बाबा," ती म्हणाली. "म्हणून तर आधी लिहिलं."

मामांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "खोडलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. बस येताना दिसली तशी ते दोन पावलं मागे सरकले, आणि तिला म्हणाले, "तू हो पुढे."